ट्रॅक डेसाठी सेमी-स्लिक टायर आणि रिम: निवड कशी करावी

मुंबईतून ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी हौसेने पळवण्याच्या दिवसाला, जाणाऱ्या माणसाला टायर निवडण्याआधी अंतराचा विचार करावा लागतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असलेले मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आणि २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे जेथे फॉर्म्युला वनची शर्यत झाली ते ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ही सगळी ठिकाणे मुंबईपासून हजार किलोमीटरहून बरीच लांब आहेत. गाडी स्वतः चालवत नेली, तर येण्या-जाण्याचे अडीच हजार किलोमीटर होतात आणि प्रत्यक्ष ट्रॅकवर दिवसभरात जेमतेम शंभर-दीडशे किलोमीटर पळणे होते. त्यामुळे ‘सर्वांत वेगवान टायर कोणता’ हा प्रश्न आपल्याला फारसा उपयोगाचा नाही. आपली गाडी, आपले चालवणे आणि तेथील ऊन या तिन्हींना झेपेल असा टायर कोणता, आणि त्या टायरला साजेशी रिम कोणती, असा प्रश्न विचारला तर उत्तर सापडते. या सगळ्याच्या मुळाशी तापमान आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करणे योग्य ठरेल.

शर्यतीच्या स्लिक टायरवर खाचाच नसतात, आणि तो सार्वजनिक रस्त्यावर वापरायचा नसतो. रस्त्यावरच्या नव्या टायरच्या खाचा साधारण सात ते आठ मिलिमीटर खोल असतात, कारण त्यांना पावसाचे पाणी बाहेर फेकायचे असते. सेमी-स्लिक या दोहोंच्या मधला. त्याच्या खाचा कमी आणि उथळ असतात, बाहेरच्या खांद्यावर रबराचा जवळजवळ अखंड पट्टा असतो, बाजूची भिंत ताठ असते आणि रबराचे मिश्रण मऊ असते. खाचा कमी ठेवण्याचे कारण केवळ ‘रस्त्याला जास्त रबर टेकावे’ एवढेच नाही. खोल खाचांमुळे रबराचे उंच, सुटे ठोकळे तयार होतात. वळणावर जोर आला की ते ठोकळे वाकतात आणि वारंवार वाकून आतून तापतात. चांगल्या रस्त्याच्या टायरने तीन-चार जोरदार लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) मारल्यावर गाडीचा पुढचा भाग वळणात बाहेर सरकू लागतो, तो बहुधा या उष्णतेमुळे. सेमी-स्लिकचे ठोकळे बुटके आणि रुंद असल्याने ते कमी वाकतात, आणि स्टिअरिंग फिरवले की गाडी लगेच वळते.

पकड निर्माण होते ती दोन मार्गांनी. रबर डांबराला अक्षरशः चिकटते, हा पहिला. दुसरा असा, की रबर डांबरातल्या खडीच्या बारीक कंगोऱ्यांभोवती दबते आणि दाब सुटल्यावर लगेच मूळ आकारात येत नाही. त्या विलंबात कंगोऱ्याच्या एका बाजूला जास्त दाब राहतो आणि तोच गाडीला घसरण्यापासून अडवतो. या दोन्ही क्रिया रबर किती मऊ आहे यावर आणि पर्यायाने त्याच्या तापमानावर अवलंबून असतात. चिक्कीसाठी गुळाचा पाक करताना जसा पाक कच्चा राहिला तरी चालत नाही आणि पुढे गेला तरी चालत नाही, तसेच या रबराचे आहे. बहुतेक सेमी-स्लिक साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या टप्प्यात उत्तम काम करतात. त्याखाली ते कठीण आणि निसरडे वाटतात, म्हणून पहिल्या लॅपला जोर करू नये. त्यावर गेले की रबराचा पृष्ठभाग लिबलिबीत होतो, पकड झपाट्याने कमी होते आणि झीज वाढते.

परदेशी चाचण्यांवर विसंबून टायर घेणाऱ्यांची गल्लत नेमकी येथे होते. युरोपातल्या थंड सकाळी जो टायर तापायला दोन लॅप घेतो, तो चेन्नईत दुपारी बारानंतर, डांबर पन्नास अंशांच्या वर गेलेले असताना, पिटमधून (ट्रॅकलगतच्या गाडी थांबवण्याच्या जागेतून) बाहेर पडल्यापडल्या तयार असतो आणि चौथ्या लॅपला दमतोही. म्हणून आपल्याकडे एका लॅपच्या वेळेपेक्षा पंधरा-वीस मिनिटांचे सत्र टिकून राहणाऱ्या मिश्रणाला मी अधिक महत्त्व देतो.

टायरच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर’ या नावाने एक आकडा असतो. तो अमेरिकी पद्धतीचा झिजेचा निर्देशांक आहे. रस्त्याच्या साध्या टायरवर तो ३०० ते ५०० असतो, सेमी-स्लिकवर २०० किंवा त्याहून कमी. हा आकडा कंपनी स्वतःच चाचणी घेऊन स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो. अमेरिकेतील अनेक हौशी स्पर्धांच्या नियमांत ‘किमान २००’ अशी अट आल्यापासून अतिशय मऊ टायरवरही २०० छापलेले दिसू लागले. योकोहामा अॅडव्हान ए०५२ आणि हॅनकूक व्हेंटस आरएस४ या दोघांवरही २०० आहे. पण पहिला फार लवकर तापतो, थोडेच लॅप अफाट पकड देतो आणि मग अतितप्त होतो, तर दुसरा त्याच्याइतका वेगवान नसला तरी लांबच्या सत्रात टिकून राहतो. टोयो प्रॉक्सेस आर८८८आरवर १०० आहे. तो या दोघांपेक्षा शर्यतीच्या टायरच्या अधिक जवळचा, खाचा अगदी मोजक्या असलेला टायर आहे. छापलेला आकडा पाहून यांतला स्वभावाचा फरक कळत नाही.

माझा आग्रह असा आहे, की पहिले काही ट्रॅक डे रस्त्याच्या चांगल्या, नव्या टायरवरच करावेत. रस्त्याचा टायर हद्द ओलांडण्याआधी मोठ्याने किंचाळतो आणि हळूहळू सरकतो. चालवणाऱ्याला चूक उमगायला आणि ती सुधारायला अवधी मिळतो. सेमी-स्लिकची हद्द वर असते, तो आवाज कमी करतो आणि सुटतो तेव्हा अधिक अचानक सुटतो, तोही जास्त वेगात. ब्रेक कोठे मारायचा, गाडीचा भार पुढच्या चाकांवर कसा आणायचा, हे अंगवळणी पडण्याआधी जास्तीची पकड मिळाली, तर ती पकड चुका झाकते आणि शिकणे थांबते. त्यानंतर घ्यावयाचा पहिला संच २०० च्या वर्गातला, आणि त्यातही टिकाऊ स्वभावाचा असावा. १०० किंवा त्याखालचे टायर ज्याच्या गाडीचे सस्पेन्शन, ब्रेक आणि तेलाची व्यवस्था त्या तोडीची आहे, त्याने घ्यावेत. तेलाचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. पकड वाढली की वळणात गाडी जास्त जोराने बाहेर खेचली जाते, संपमधले (इंजिनच्या तळाच्या टाकीतले) तेल एका बाजूला चढते आणि पंपाच्या तोंडाशी काही क्षण हवा येऊ शकते. म्हणून अशा टायरवर जाण्यापूर्वी तेलाची पातळी वरच्या खुणेपर्यंत असावी आणि ब्रेकचे तेल नुकतेच बदललेले असावे.

भारतात हे टायर मिळवणे हा वेगळाच विषय आहे. जून २०२० मध्ये सरकारने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध आणले आणि परवान्याशिवाय ते आणणे बंद झाले. शिवाय मोटारीच्या टायरला आयएस १५६३३ या मानकानुसार आयएसआय चिन्ह आवश्यक आहे. परिणामी हवा तो टायर हव्या त्या मापात मिळेलच असे नाही, आणि बाजारात कोठेतरी पडून राहिलेला जुना माल ‘नवा’ म्हणून समोर येतो. म्हणून टायरच्या भिंतीवरील तारखेचा चार आकडी शिक्का स्वतः वाचावा. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. मऊ मिश्रणातील तेले काळानुसार निघून जातात आणि रबर कडक होते, त्यामुळे चार-पाच वर्षे गोदामात राहिलेला सेमी-स्लिक, खाचा कोऱ्या दिसत असल्या तरी, पैसे मोजण्याच्या लायकीचा राहत नाही. तेवढ्या पैशात ताजा, आपल्याकडे सहज मिळणारा उत्तम रस्त्याचा टायर घेतलेला बरा.

टायर कोणताही असो, हवेचा हिशेब जमला नाही तर खर्च वाया जातो. समजा, सकाळी ३० अंश तापमानात आपण २८ पीएसआय हवा भरली. गेज दाखवतो तो वातावरणाच्या १४.७ पीएसआयवरचा दाब. म्हणजे टायरमधला खरा दाब ४२.७. आतली हवा ८० अंशांपर्यंत तापली की केल्विनच्या मोजमापात ती ३०३ वरून ३५३ वर जाते, खरा दाब त्याच प्रमाणात वाढून सुमारे ४९.७ होतो आणि गेज ३५ दाखवतो. सात पीएसआयची वाढ कोणीही हवा न भरता झालेली असते. म्हणून ट्रॅकवर टायर गरम असताना त्यातली हवा किती आहे ते पाहायचे. हलक्या हॅचबॅकसाठी बहुतेक सेमी-स्लिक गरम असताना ३० ते ३५ च्या दरम्यान समाधानी असतात. सत्र संपवून पिटमध्ये आल्याबरोबर, टायर निवण्याआधी चारही चाकांची हवा मोजावी, वहीत लिहावी आणि जास्तीची सोडावी. आता याचीच उलट बाजू. गरम टायर ३५ वरून ३१ वर आणून ठेवला, तर रात्रभर निवल्यावर तोच सकाळी जेमतेम साडेचोवीस दाखवेल. त्याच टायरवर महामार्गाने परतायचे असेल, तर निघण्यापूर्वी गाडीवर लिहिलेल्या मापानुसार हवा पुन्हा भरणे अत्यावश्यक आहे, कारण कमी हवेचा टायर लांबच्या सरळ वेगात आतून तापून फुटू शकतो.

नायट्रोजनबद्दल बरेच बोलले जाते. त्याचा खरा फायदा एवढाच, की तो कोरडा असतो. आपल्या दमट हवेत ज्या कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी वेळेवर काढलेले नसते, त्याच्या नळीतून हवेबरोबर पाण्याचे थेंबही टायरमध्ये जातात; ते तापल्यावर वाफ होतात आणि दाब वरच्या हिशेबापेक्षा जास्त, आणि प्रत्येक चाकात वेगवेगळा वाढतो. कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर मिळाला, तर साधी हवाही पुरेशी आहे.

सत्र संपल्यावर पुढचे चाक वळवून टायर जवळून पाहावा. खांद्यावरचे रबर गुंडाळी होऊन कडेला सरकलेले असते, त्यात खडीचे बारीक तुकडे रुतलेले असतात, आणि भिंत व खांदा जेथे मिळतात तेथे अनेक टायरांवर एक लहान त्रिकोण कोरलेला असतो. घर्षणाचे निशाण त्या त्रिकोणाच्या टोकापर्यंत आले असेल तर ठीक. ते ओलांडून भिंतीवर गेले असेल, तर टायर वळणात कलंडतो आहे असे समजावे. सुई टोचून रबराचे तापमान मोजणारे उपकरण याहून नेमके सांगते. बाहेरचा खांदा ९८, मधला भाग ८८ आणि आतला ७२ अंश असे आकडे आले, तर चाकाला उणा कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कोन, कमी पडतो आहे. मधला भाग दोन्ही खांद्यांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे. केवळ पृष्ठभाग दाखवणारे इन्फ्रारेडचे स्वस्त उपकरण येथे फसवते, कारण पिटपर्यंत येईतो पृष्ठभाग निवलेला असतो.

आपल्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना कंपनीकडून जवळजवळ शून्य कॅम्बर असतो. त्यावर सेमी-स्लिक चढवला, तर वळणात गाडी झुकल्यावर सगळा भार बाहेरच्या खांद्यावर येतो आणि निम्मा टायर कोरा असताना खांदा मात्र गोटा होतो. पुढच्या चाकांना दोन ते तीन अंश उणा कॅम्बर मिळेल अशी व्यवस्था, म्हणजे कॅम्बर बोल्ट किंवा कॅम्बर प्लेट, आधी करून घ्यावी. टायरच्या एका संचापेक्षा ती स्वस्त पडते आणि पुढचे प्रत्येक संच वाचवते.

आता रिम. मोठ्या व्यासाची रिम दिसायला देखणी असते, पण ट्रॅकवर ब्रेकचे कॅलिपर मावेल एवढी लहान रिम उत्तम. ती हलकी असते, तिचे टायर स्वस्त असतात, आणि भारतात हौशी गाड्यांना लागणाऱ्या १५ इंची मापात पर्यायही बऱ्यापैकी असतात. उदाहरणादाखल २०२२ मध्ये बंद झालेली, पण ट्रॅकवर अजूनही आवडीने पळवली जाणारी फोक्सवॅगन पोलो घेऊ. टायरच्या मापातला पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो. तिच्या १८५/६० आर १५ टायरचा बाहेरचा व्यास ६०३ मिलिमीटर येतो. १९५/५५ आर १५ चा सुमारे ५९६, म्हणजे जवळजवळ तेवढाच. १९५/५० आर १५ चा मात्र ५७६. साडेचार टक्के लहान. लहान व्यासामुळे गाडी थोडी खाली बसते आणि पिकअप तिखट होतो, पण प्रत्येक गिअर लवकर संपतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. सरळ पट्टा लांब असलेल्या ट्रॅकवर हा सौदा परवडतोच असे नाही. चारही चाके एकाच मापाची ठेवावीत, हे सांगायलाच नको.

रुंदीच्या बाबतीत लोभ आवरावा. १९५ च्या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते. त्यात साडेसहा किंवा सात इंची घेतली तर टायरची भिंत सरळ उभी राहते आणि वळणात कमी लोळते. तोच टायर कोंबून बसवलेल्या अरुंद रिमवर ताठ भिंतीचा उपयोग निम्मा होतो. मात्र सहा इंचीवरून सात इंचीवर जाताना ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून ती गाडीला टेकते त्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) तोच ठेवला, तर रिमची कड आत आणि बाहेर दोन्हीकडे सुमारे १३ मिलिमीटर सरकते. आत सस्पेन्शनचा खांब असतो, बाहेर फेंडर. म्हणून घेण्याआधी आतल्या बाजूची मोकळी जागा मोजावी आणि स्टिअरिंग पूर्ण वळवूनही तपासावी.

नट-बोल्टच्या वर्तुळाचे माप, म्हणजे पीसीडी, बहुतेकांना ठाऊक असते: पोलोला पाच बोल्ट आणि १०० मिलिमीटर, स्विफ्टला चार आणि १००. हबच्या, म्हणजे रिम ज्यावर बसते त्या गाडीच्या मधल्या भागाच्या, मापाकडे मात्र दुर्लक्ष होते. पोलोचा हब ५७.१ मिलिमीटरचा, स्विफ्टचा ५४.१. बाजारातील रिमचे भोक सर्वांना चालावे म्हणून मुद्दाम मोठे ठेवलेले असते, आणि मधली फट भरायला नेमक्या मापाची कडी बसवावी लागते; नाहीतर रिम मध्यावर बसत नाही आणि वेगात थरथर जाणवते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचे डोके खालून गोलाकार असते, तर बाहेरच्या बहुतेक रिमना शंकूच्या आकाराचे बोल्ट लागतात. चुकीच्या आकाराचा बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो केवळ एका बारीक कडेवर टेकलेला असतो आणि ट्रॅकवर सैल होतो. हे मी पुन्हा पुन्हा सांगेन, कारण येथे चूक झाली तर चाक निखळते. मुंबईच्या खाऱ्या हवेत हबच्या तोंडावर गंज साचतो. रिम लावण्यापूर्वी तो तारेच्या ब्रशने साफ करावा, म्हणजे रिम सपाट बसेल. पोलोचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळावेत आणि पहिल्या सत्रानंतर, चाके निवल्यावर, पुन्हा तपासावेत.

वजनाबद्दल फार अतिशयोक्ती चालते. चाकाचे एक किलो म्हणजे गाडीचे दहा किलो, असे बिनदिक्कत सांगितले जाते. वेग वाढवण्यापुरते पाहिले, तर रिमच्या कडेवरचे एक किलो हे गाडीतल्या साधारण १.४ किलोएवढे, आणि टायरच्या अगदी बाहेरच्या पृष्ठभागावरचे एक किलो हे जास्तीत जास्त दोन किलोएवढे भरते. हलक्या रिमचा मोठा लाभ वेगळाच आहे: खडबडीत पृष्ठभागावर चाक लवकर खाली येऊन रस्ता धरते. ओतीव रिम सर्वांत स्वस्त आणि जड, फ्लो-फॉर्म्ड रिम (ओतल्यावर कड दाबून ताणलेली) मधली, आणि घडीव रिम सर्वांत हलकी, मजबूत आणि महाग. हौशी माणसासाठी फ्लो-फॉर्म्ड पुरेशी आहे, असे माझे ठाम मत आहे. रिमवर जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए या जपानी चाचणी-मानकांचा शिक्का आणि भारवहनाचा आकडा असावा. तो आकडा गाडीच्या सर्वांत जड अॅक्सलवरील भाराच्या निम्म्याहून कमी नसावा. नामवंत रिमच्या नकला शिक्क्यासकट मिळतात, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. वेल्डिंग करून रंगवलेली जुनी रिम ट्रॅकसाठी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

प्रवासाचा प्रश्न यातूनच सुटतो. ट्रॅकचे टायर वेगळ्या चार रिमवर चढवून ठेवावेत, मागची सीट पाडून गाडीत न्यावेत आणि जाता-येता रस्त्याचे टायर वापरावेत. खाचा कमी असलेला सेमी-स्लिक साचलेल्या पाण्यावर फार लवकर तरंगू लागतो. जून ते सप्टेंबर खंडाळ्याच्या घाटात, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात चेन्नईच्या वाटेवर, तो चाकाला असणे मला मान्य नाही. शिवाय शहरातल्या खड्ड्यांपासून हलक्या रिम वाचतात.

नव्या संचाचे पहिले सत्र हळूहळू वेग वाढवत करावे आणि मग टायर एक दिवस विसावू द्यावेत. पहिल्या तापण्यानंतर रबराची रचना सावकाश स्थिरावते आणि पुढची झीज अधिक समान होते. घरी ठेवताना गॅलरीतले ऊन टाळावे, काळ्या पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवावेत, आणि टायर चकाकवणारे कोणतेही द्रव्य लावू नये. प्रत्येक तापण्या-निवण्यात रबर थोडे कडक होते, त्यामुळे खाच शिल्लक असूनही पकड गेलेली असू शकते. वहीतल्या लॅपच्या वेळा हे डोळ्यांपेक्षा आधी सांगतात. बाहेरचा खांदा झिजला आणि आतला कोरा राहिला, तर टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे की आतली-बाहेरची बाजू ठरवून दिलेली आहे ते पाहावे. केवळ बाण असेल, तर टायर रिमवरून उतरवून, पालटून, गाडीच्या दुसऱ्या बाजूच्या रिमवर बसवता येतो: दिशा तीच राहते, आणि कोरा खांदा बाहेर येतो.